तात्यांच्या नावावरची कामं

मी जे लिहिते ते कुणी आवडीनं वाचत नाही, हे आधीच सांगून टाकते. कारखान्यात नवं सॉफ्टवेअर आलं की ते कसं बसवायचं, कुठला रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कुठलं बटण कुणाला दिसेल आणि कुणाला दिसणार नाही, हे सगळं साध्या मराठीत लिहून काढायचं माझं काम. नमुन्याचे फॉर्म मीच तयार करते, त्यांची माहितीपुस्तिकाही मीच लिहिते. लोक विचारतात, "म्हणजे नक्की काय करता?" मी म्हणते, "तक्रार कशी करायची ते शिकवते." मग हसतात. हसू देत, माझं काय जातंय.

लोणी देवकरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. माझे वडीलही तिथंच, मेंटेनन्सचे सुपरवायझर. घरातली चुलत भावंडं त्यांना तात्या म्हणायची, म्हणून मीही तात्या म्हणायला लागले, आणि कारखान्यातही तेच नाव पडलं. कळसहून आम्ही दोघं एकाच मोटरसायकलवर जायचो. गेटच्या आत गेलं की तात्या शेडकडं वळायचे आणि मी जिना चढून ऑफिसात. दिवसभर आमचं एकमेकांशी बोलणं व्हायचं नाही. संध्याकाळी घरी जाताना मात्र कुठल्या यंत्राचं काय दुखतंय ते सगळं मला ऐकावंच लागायचं, मागं धरून बसलेली मी, कान झाकायला हात मोकळे नसायचे.

सॉफ्टवेअर यायच्या आधी तिथं कागद नव्हता, काही नव्हतं. यंत्र बंद पडलं की माणूस हात पुसत तात्यांकडं यायचा. तात्या ऐकून घ्यायचे, "बघतो," म्हणायचे आणि ज्याला ते काम जमतं त्याला पाठवायचे. मग स्वतः जाऊन यंत्र चालू झालेलं बघायचे, त्याच्यावर एकदा हात ठेवायचे, की झालं काम. कुणी कुणाला काही लिहून द्यायचं नाही.

निवृत्तीचं वय त्यांनी कधीच ओलांडलं होतं. दर वर्षी मार्च संपत आला की साहेब बोलवायचे, पुढच्या वर्षाच्या मुदतवाढीची सही व्हायची आणि तात्या पेढे घेऊन घरी यायचे. आई गेल्यापासून त्या सहीवरच ते जगत होते म्हटलं तरी चालेल. घरात आम्ही दोघंच. माझं लग्न का झालं नाही हा विषय इथं काढायचा नाही. रविवार आला की तात्या पिंजऱ्यात घातल्यासारखे फिरायचे. एकदा म्हणाले, "बाय, मी ज्या दिवशी घरी बसंन ना, त्या दिवशी संपलो बघ मी." मी चिडले, असलं अभद्र बोलू नका म्हणाले. पण ते खरं बोलत होते आणि मला ते कळत होतं.

अजून एक गोष्ट होती, ती ते कधी बोलून दाखवायचे नाहीत. आम्ही बौद्ध. गावात आमच्याशी कुणी वाईट वागतं असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण लग्नपत्रिकेवर नावं छापतात ना, घरातल्या थोरांची, भावकीतल्यांची, आबा, अण्णा, नाना अशी सगळी रांग, त्या रांगेत आमच्या वस्तीबाहेरच्या पत्रिकेवर तात्यांचं नाव कधी आलं नाही. कुणी मुद्दाम गाळलं असंही नाही, कुणाला सुचलंच नाही. मग कारखान्यातल्या एका वेल्डरच्या मुलीचं लग्न निघालं. इंदापूरकडचा, चांगल्या मोठ्या मराठा घरातला माणूस. त्यानं बारामतीत पत्रिका छापून आणली आणि त्याच्या वडिलांच्या नावाखाली लगेच तात्यांचं नाव होतं. तात्यांनी ती पत्रिका चष्मा लावून वाचली, चष्मा काढून परत वाचली. म्हणाले, "आगाऊ हाय जरा, पण मनानं चांगलाय गडी." त्या लग्नात तात्यांना कुणी कामाला हात लावू दिला नाही. नाव त्यांचं होतं, पळापळ पोरांनी केली. आपल्याकडं तशीच पद्धत आहे. ज्याचं नाव वर, त्यानं खुर्चीत बसायचं.

ही पद्धत मी नीट सांगितली, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं.

पुण्याच्या मुख्य ऑफिसनं ठरवलं की आता तोंडी तक्रार बंद. प्रत्येक तक्रारीचं सॉफ्टवेअरमध्ये टिकट, म्हणजे एक नोंद, काढायचं. नमुना त्यांनीच पाठवला, इंग्रजीतला, मी तो मराठीत केला. कुठलं यंत्र, काय झालं, केव्हापासून, काम थांबलंय का, आणि शेवटी एक रकाना: काम कुणाकडे. त्यात एकच नाव बसायचं. खाली नियम असा, की ज्याच्याकडे काम आहे त्यानंच ते झाल्यावर टिकट बंद करायचं, दुसऱ्याला ते बटणच दिसायचं नाही. मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून मोठ्या पडद्यावर शिकवलं. तोच वेल्डर उठला आणि म्हणाला, "ताई, म्हंजे जो पाना हातात घेणार त्याचं नाव घालायचं?"

"हो. जो करणार त्याचं."

"तात्यांना सोडून?"

सगळे हसले. तात्याही मागं बसून हसले. मी सांगितलं, अहो, ह्यात मानपानाचा प्रश्न नाही, कोण काम करणार एवढंच लिहायचंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याकडं मान डोलावली म्हणजे पटलं असं नसतं, ताईचा घसा दुखायला नको एवढाच त्याचा अर्थ असतो.

टिकटं यायला लागली. बेअरिंगचा आवाज येतोय, काम कुणाकडे: तात्या. पट्टा घसरतोय, काम कुणाकडे: तात्या. शेडच्या पंख्याचं पातं वाकलंय, तात्या. आता पंख्याचं पातं सरळ करायला तात्या शिडीवर चढणार होते का? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा खाली शेडमध्ये गेले आणि वेल्डरला गाठलं. म्हणाले, "अहो, तुम्हाला मी काय शिकवलं होतं?"

तो शांतपणे हातातला जाड मोजा काढत म्हणाला, "शिकवलंत, व्हय. पण ताई, हे वर पुण्यापर्यंत दिसतं ना? मग तितं काल आलेल्या पोराचं नाव घालायचं आन तात्यांचं न्हाय, हे बरं दिसतं का? काम करायला आमी हायच की."

"पण मग ते काम तात्यांनी केलं नाही असं दिसतंय."

"केलं न्हाय कसं? समदं त्यांच्या शब्दावर तर चालतंय हितं."

कपाळाला हात लावून वर आले.

आता निदान तात्यांनी तरी ती टिकटं बंद करायची ना! दुरुस्ती तर रोजच्या रोज होत होती, यंत्रं फिरत होती. घरी जेवताना मी म्हणाले, "तात्या, काम झालं की ते बंदचं बटण दाबत जा. मोबाईलवरच तर आहे."

"मी कसं दाबू? काम पोरानं केलं."

"पण नाव तुमचं आहे."

"नाव त्यांनी घातलंय मायेनं. म्हणून त्याच्या कामावर मी अंगठा उठवू व्हय? सकाळपास्नं पोरगं यंत्राखाली आडवं पडलं हुतं, आन 'काम झालं' म्हणून सांगणार मी? लाज वाटंल मला."

"लाज कसली त्यात! नुसतं बटण आहे ते!"

"तुला बटण असंल," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या बापाच्या सभ्यपणापुढं मी लहानपणापासून हात टेकलेत.

म्हणजे बघा कसं झालं. तिकडून माणसं मान म्हणून त्यांचं नाव घालत होती, आणि इकडून तात्या मान राखायचा म्हणून टिकट बंद करत नव्हते. दोन्ही बाजूंनी चांगुलपणा. आणि मध्ये ते सॉफ्टवेअर, त्याला ह्यातलं काय कळणार! त्याला एवढंच कळत होतं की एक माणूस आहे, त्याच्याकडं डोंगराएवढी कामं पडलीत आणि तो काहीच करत नाही.

मी गप्प बसले नाही, हे मला सांगायलाच हवं. मी पुण्याला लिहिलं. नमुन्यात एकाऐवजी दोन रकाने करून दाखवले: 'कुणाला सांगितलं' आणि 'कुणी केलं'. बंद करायचं बटण दुसऱ्या रकान्यातल्या माणसाला द्यायचं. आमच्या शेडमध्ये काम कसं चालतं, सुपरवायझरचं नाव का घातलं जातं, हे सगळं उलगडून लिहिलं. इतकं मन लावून मी आजपर्यंत काही लिहिलं नव्हतं. उत्तर आलं, एका ओळीचं. सगळ्या कारखान्यांना नमुना एकच राहील, स्थानिक बदल करता येणार नाही. मी परत लिहिलं. त्याचं उत्तरच आलं नाही.

मार्च आला. आमच्या कारखान्यात नवे साहेब आले होते, बारामतीहून रोज गाडीनं येणारे. वाईट माणूस नव्हता, बोलणं गोड, पण शेडमध्ये कधी पाय ठेवायचा नाही. कुणाची मुदत वाढवायची ते ठरवायला त्यांनी बैठक घेतली आणि सॉफ्टवेअर माझ्या हाताखालचं म्हणून मलाही बसवलं. पडद्यावर त्यांनी आलेख लावला. बाकीच्यांच्या नावापुढं बोटभर पट्ट्या, आणि एका नावापुढं तांबडी पट्टी पार पडद्याच्या टोकापर्यंत. ते नाव तात्यांचं.

"एकाच माणसाकडे एवढी कामं प्रलंबित," साहेब म्हणाले. "वय झालंय त्यांचं. आपण समजून घ्यायला हवं."

मी उठूनच उभी राहिले. म्हणाले, "साहेब, ती सगळी कामं झालेली आहेत. तुम्ही खाली चला, आत्ता चला, एक यंत्र बंद दाखवा मला. लोक मानानं त्यांचं नाव घालतात, आणि ते दुसऱ्याचं काम आपलं म्हणून बंद करत नाहीत. मी पुण्याला लिहिलं होतं हे. नमुना चुकीचा आहे, माणूस नाही."

साहेबांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मी समजू शकतो. तुम्ही त्यांच्या कन्या आहात."

झालं! एवढं एक वाक्य, आणि माझं सगळं खरं बोलणं फुकट गेलं. तेच जर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर निदान ऐकून तरी घेतलं असतं. पण दुसरं कुणी सांगणार कुठून? सॉफ्टवेअर आतून माहीत असलेली तिथं मी एकटीच होते, आणि मी त्यांची मुलगी होते. मी म्हणाले, "मुलगी आहे म्हणून काय आंधळी झाले का मी?" साहेबांनी पडदा बंद केला. "सिस्टीममध्ये जे झालेलं दिसत नाही, ते झालं असं मला धरता येत नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तात्यांना मुदतवाढ मिळणार नव्हती. तात्यांची टिकटं दुसऱ्याच्या नावे करायची आणि तात्यांचं खातं बंद करायचं. मी सांगितलं, "माझ्या हातून होणार नाही. तुमचं तुम्ही करा." मला वाटलं, जमणारच नाही ह्यांना, महिनाभर तरी अडेल. कशाचं काय! त्यांनी माझीच पुस्तिका उघडली आणि माझ्या समोर एकेक ओळ वाचत सगळं केलं. आधी कामं वळवा, मग खातं निवडा, मग बंद करा. कुठं अडखळले नाहीत. शेवटी हसून म्हणाले, "छान लिहिलंय हो तुम्ही, कुणालाही जमेल." मी तिथून निघाले ती थेट बाथरूममध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

तात्यांना निरोप दिला, शाल दिली, नारळ दिला. शेडमधली माणसं मागं उभी होती. तात्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि आम्ही मोटरसायकलवर बसून निघालो. वाटेत उसाच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "एक सांग. मी काम करत न्हाय असं का म्हणाले गं ते? माजं काय चुकलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं. ती तांबडी पट्टी, ते नाव, ते बटण, सगळं. बोलता बोलता माझाच आवाज चढला. मी म्हणाले, "उद्या जाऊन त्या वेल्डरला विचारते, झालं का समाधान? घातलंत नाव? बघा काय केलंत त्याचं!"

तात्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. "काय बी बोलायचं न्हाय. ऐकतीस का? एक शबुद न्हाय. त्यांनी मला वर बसवलं, बाय. आपल्या घरातलं कोण बसलं हुतं का कवा तितं? त्यांना हे कळलं तर मरतील ती माणसं. आन माज्याकडं मग काय ऱ्हाईल?"

मी मागं बसले. त्यांनी किक मारली.

नंतरचे दिवस सांगवत नाहीत. मी कामाला एसटीनं जायला लागले. तात्या सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे आणि मी निघाले की विचारायचे, "पट्टा बदलला का गं त्यो?" मला माहीत नसायचं. मी "हो" म्हणायचे. हळूहळू त्यांनी विचारायचं सोडलं, मग शर्ट घालायचं सोडलं, बनियनवरच बसून राहायचे. जेवण अर्धं टाकायचे. मी ओरडायचे, मग त्यांच्यावर ओरडले म्हणून मलाच रडू यायचं. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. तेवढं मलाही दिसत होतं.

एका रविवारी दुपारी शेडमधली पाच-सहा माणसं घरी आली. वेल्डर पुढं होता, हातात केळी आणि बिस्किटांचे पुडे. आजारी माणसाला बघायला यावं तसे आले. तात्यांनी घाईनं शर्ट चढवला, उलटसुलट बटणं लावली. मी चहा टाकला. सतरंजीवर बसून सगळे इकडचं तिकडचं बोलत राहिले, पाऊसपाणी, कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले तेव्हा वेल्डर तात्यांच्या जवळ सरकला होता.

"तात्या, राग मानू नका, पण आमाला काय कळंना झालंय. साहेबानं असं का करावं? आमी तर तुमचं नाव सोडून दुसऱ्याचं नाव कवा घातलं न्हाय. एक बी तक्रार न्हाय तुमच्या नावाबिगर. ताई आमच्यावर वराडल्या, तरी आमी तुमचंच घातलं. म्हटलं, कळू द्या पुण्यात, हितं थोर कोण हाय ते." त्याचे डोळे भरून आले होते. "एवढं करून बी तुमाला ठेवलं न्हाय त्यांनी. आमचं कुठं कमी पडलं, तात्या?"

मी ट्रे खाली ठेवला. एका शब्दात सांगता आलं असतं. शब्द तोंडात होता. मी तात्यांकडं बघितलं, आणि ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांनी वेल्डरचा हात आपल्या दोन्ही हातात घेतला होता.

"तुमचं कायबी कमी पडलं न्हाय," तात्या म्हणाले. "लई केलंत तुमी माज्यासाठी. माज्या वयाचाच दोष म्हणायचा. च्या घ्या, गार हुतोय."

सगळ्यांनी चहा घेतला. वेल्डर डोळे पुसत म्हणाला, "आमी अजून बी तुमचंच नाव घालायला बघतो, पर ते सॉफ्टवेअर नाव घेतच न्हाय आता." तात्या हसले. त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले, बराच वेळ, लहान पोराच्या पाठीवर फिरवतात तसा.

ते गेले. तात्या त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून परत आले, ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "गप बसलीस. बरं केलंस." मी कप गोळा करून मोरीत विसळायला नेले. बाहेर त्यांचा हुंदका ऐकू आला, मग दुसरा, मग ते थांबवायचा प्रयत्न सोडून मोठ्यानं रडायला लागले. कप विसळून झाले होते. मी नळ तसाच चालू ठेवला, म्हणजे मला काही ऐकू आलं नाही असं त्यांना वाटावं.